फॉरमॅट मारून सुटणार नाही
ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातली मॅकबुक नोकरी सोडून गेलेल्यांच्या खासगी ॲपल आयडीवर अडकलीत, त्यावर वर कुणीतरी ‘फॉरमॅट मारा’ सुचवलंय. उपयोग शून्य. ॲक्टिव्हेशन लॉकची (मशीन एका ॲपल आयडीला बांधून ठेवणाऱ्या कुलपाची) नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते; डिस्क पुसली तरी मशीन तोच आयडी मागणार. आधी त्या माणसाला गोडीत फोन करा. त्याने ठाण्याला यायची गरज नाही, पासवर्डही मागू नका (कुणी देऊही नये). आयक्लाउडच्या साइटवरून त्याने मशीन इरेज करून खात्यातून काढलं की झालं. फोनच उचलत नसेल तर सिरीयल नंबर असलेलं मूळ बिल जोडून ॲपल सपोर्टकडे अर्ज करा. पुढची खरेदी मात्र ॲपल बिझनेस मॅनेजरमध्ये (कंपनीची मशीन कंपनीच्याच नावावर सांभाळायची ॲपलची सेवा) नोंदवूनच. दरवेळी नोकरी सोडणाऱ्या कुणाची फुल अँड फायनल (शेवटचा पगाराचा हिशोब) अडवत बसणार का?