थायलंडमधल्या चियांग माईजवळ एक दिवस: जंगलात चालायचं आहे, गावही बघायचं आहे (सोबत आई, वय ६२)

मुलुंडकर
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन चियांग माईला जातोय, चार दिवस. एजंटने एका दिवसाची सहल सुचवली आहे. सकाळी जंगल ट्रेक, मग दोन धबधबे, तीन आदिवासी गावं (त्यातलं एक लांब मानेच्या बायकांचं), संध्याकाळी सहाला हॉटेलवर परत. आई संगमेश्वरजवळच्या खेड्यात वाढलेली. अजूनही कान्हेरीच्या पायऱ्या न थांबता चढते, उतरताना मात्र डावा गुडघा दुखतो. तिचं म्हणणं एवढंच, की तिकडची भातशेती जवळून बघायची आणि कुणाच्या तरी दारात घटकाभर बसायचं. या सहलीत ते होईल असं वाटत नाही. कुणी गेलंय का? आई शाकाहारी आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

बोरिवली_पूर्व
ही सहल घेऊ नका. तीन गावं आणि दोन धबधबे म्हणजे दिवस गाडीतच जाईल.

आम्ही दोघं ऑक्टोबरात गेलो होतो. नुसती गाडी आणि ड्रायव्हर ठरवला आणि दोई इंथानोनला गेलो. थायलंडमधला सर्वांत उंच डोंगर, २,५६५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. शहरापासून शिखर साधारण १०० किलोमीटर, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. शिखरावर डिसेंबरात सकाळी कडाक्याची थंडी असते, आईंना स्वेटर आणि कानटोपी हवीच.

चालायला फा दोक सिओची वाट धरा. अडीच-तीन किलोमीटर, धबधब्याच्या कडेने खाली उतरत थेट माए क्लांग लुआंग या करेन लोकांच्या (तिथली एक आदिवासी जमात) गावात. गावातलाच वाटाड्या सोबत घ्यावा लागतो, त्याशिवाय सोडत नाहीत. मला हा नियम फार आवडला, कारण पैसे सरळ गावात जातात. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, पायात रबरी चपला, कमरेला कोयता. इंग्रजी मोजकंच. तरी दोन-अडीच तासांत त्याने इतकं दाखवलं! कुठल्या बांबूचा कोंब खातात, कुठलं पान चुरून जखमेवर लावतात. एका ठिकाणी थांबून त्याने हात वर केला आणि आम्ही पाच मिनिटं नुसता पक्ष्याचा आवाज ऐकत उभे राहिलो. करेन लोक स्वतःला ‘पगाकन्यो’ म्हणतात, अर्थ ‘माणूस’. हेही त्यानेच सांगितलं.

वाट बहुतेक उताराची आहे, तेव्हा गुडघ्याचा विचार करा. दोन काठ्या न्या, वेळ दुप्पट धरा. धबधब्याजवळ दगड निसरडे आहेत.

आणि मग झाडी संपते आणि समोर एकदम खाचरं! आम्ही गेलो तेव्हा भात पिवळा पडला होता, लोंब्या वाकलेल्या. आम्ही बांधावरून चाललो. पाटाचं पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात सोडलेलं, अगदी माझ्या आजोळी, पोलादपूरला असायचं तसं. मला रडू आलं, खरंच सांगते. डिसेंबरात मात्र कापणी झालेली असेल, आईंना आधीच सांगून ठेवा.

गावात एका घरी कॉफी प्यायलो. कॉफी तिथे उगाच आलेली नाही. या डोंगरांत पूर्वी अफू पिकायची. १९६९ साली थायलंडचे राजा भूमिबोल यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून अफूऐवजी कॉफी, भाज्या, फळं लावली गेली. घरातल्या बाईंनी लोखंडी कढईत बिया भाजल्या, पोर्चमध्ये धूर धूर. त्यांची सासू खाली बसून विणत होती. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. ताण द्यायचा की ती नुसती मागे रेलायची. मी तिथे तासभर बसले. ‘ता ब्लू’ म्हणजे धन्यवाद, एवढा एकच शब्द मला येत होता आणि तो चालला.

लांब मानेच्या गावाबद्दल. त्या कयान बायका आहेत. म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेली ही कुटुंबं. मान लांब होत नाही, पितळी वेढ्यांच्या वजनाने गळ्याजवळची हाडं खाली दबतात. तिकीट काढून त्यांना बघायला जाणं मला पटलं नाही, आम्ही गेलो नाही.

खाण्याचं: ‘जे’ हा शब्द पाठ करा. मांस, मासे, अंडी, फिश सॉस, अगदी कांदा-लसूणही नसलेलं जेवण. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. गावात मात्र नुसता भात आणि उकडलेल्या भाज्या मिळतील, सोबत लोणच्याची बाटली ठेवा.

आरे_पाडा
मी आरेतल्या एका वारली पाड्यावर वाढलो. रविवारी गाड्या येतात. एकदा आजी चुलीपाशी बसली होती, तर चौघं न विचारता आत आले, फोटो काढले, लहान भावाच्या हातात चॉकलेट दिलं आणि गेले. आजीने त्या दिवसापासून रविवारी दार लावून घ्यायला सुरुवात केली. उलट एक बाई अंगणाबाहेर थांबून विचारायच्या, येऊ का? मग बसायच्या, भाकरी खायच्या, आजीला स्वतःच्या घरचं सांगायच्या. आजी अजून त्यांचं नाव काढते. तुमच्या आईंना बसायचं आहे, तर त्यांना बसू द्या. मोबाइल शेवटी काढा. पोरांना खाऊ वाटू नका, काही घ्यायचं तर विणलेलं कापड घ्या.

ठाणे_पायी
जायच्या आधी दोन-तीन रविवार राष्ट्रीय उद्यानात शिलोंडाची वाट चालून घ्या. नवे बूट तिथेच पायात रुळतील. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, तुमचा डिसेंबर चांगला आहे.

मुलुंडकर
सगळ्यांचे आभार. एजंटला नाही म्हणून कळवलं. आईला सगळं वाचून दाखवलं. आरेतल्या आजींचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला. नंतर कपाट उघडून बसली. गावच्या लावणीचे तीन फोटो काढून ठेवलेत, एकात माझी आजी चिखलात उभी आहे. म्हणाली, मला त्यांची भाषा येणार नाही, हे दाखवीन.

@बोरिवली_पूर्व, मागावर विणणाऱ्या त्या आजींचं घर वाटाड्याला कसं सांगायचं?

बोरिवली_पूर्व
वाट संपते तिथून खाचरांच्या डाव्या बांधाने, पाट ओलांडला की दुसरं घर. खाली कोंबड्यांची खुराडी आहे. माझ्याकडे त्यांचा विचारून काढलेला एक फोटो आहे, छापून मुलुंडला पाठवते. त्यांना द्याल?