मदत हवी आहे: आईच्या मोतीबिंदूसाठी कुठली लेन्स टाकावी?

नमस्कार मंडळी, आम्ही दादरला असतो. आई ७१ वर्षांची, शुगर आहे, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. संध्याकाळी स्टेशनचा जिना उतरताना तिला पायरी दिसत नाही, समोरून गाडीचा लाईट आला की जागीच थांबते, त्यामुळे आता पुढे ढकलायचं नाही हे नक्की. पूर्वीसारखं पिकेपर्यंत थांबावं लागत नाही, फेकोमध्ये (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत) २-३ मिलिमीटरच्या छेदातून काम होतं आणि बहुतेक वेळा टाकेही लागत नाहीत.

अडलंय ते लेन्सवर. मोनोफोकल टाकली तर लांबचं स्पष्ट पण वाचायला चष्मा, मल्टिफोकलने चष्मा बराचसा सुटतो पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, शिवाय महाग. त्यात शुगरमुळे डोळ्यामागचा पडदा (रेटिना) खराब झालेला असेल तर मल्टिफोकल सहसा टाळतात, म्हणून मी आधी रेटिना तपासा असा आग्रह धरलाय, आणि हॉस्पिटलमध्ये पॅकेज समजावणाऱ्या बाई तपासणीच्या आधीच मल्टिफोकल घ्या म्हणून मागे लागल्यात. हे मला अजिबात पटलेलं नाही, डोळा बघून ठरवायची गोष्ट आहे ही.

ज्यांच्या घरी शुगर असलेल्या माणसाचं ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज सांगा, कुठली लेन्स टाकली, रात्री कसं दिसतं, मेडिक्लेममध्ये लेन्सचे किती मिळाले? आई दिवसभर घरी एकटी असते, तर ड्रॉप्स वेळेवर घालायचं तुम्ही कसं जमवलंत? जेजे किंवा केईएमचा अनुभव असेल तर तोही लिहा.