आधी मे महिन्यात राहून बघा

निवृत्तीनंतर इंदूरचा फ्लॅट विकून जवळच्या चोरल गावाकडे घर बांधावं का, असं विचारलंत. श्रावणातलं हिरवंगार बघून ठरवू नका हो. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून चढवून आणतात. चोरलला मात्र सगळी भिस्त तुमच्या बोअरवर. तिथे राहणाऱ्या आमच्या मामांची एप्रिलातच आटली. मोटर लावली की नळातून नुसती फुसफुस आणि लाल गाळ.

त्याहून मोठी काळजी दवाखान्याची. मामींच्या छातीत कळ आली त्या रात्री घाटात ट्रक अडकलेला. इंदूर गाठायला अडीच तास लागले. वाचल्या, पण मामा अजून त्या रात्रीबद्दल बोलत नाहीत. फ्लॅट भाड्याने द्या, विकू नका. वर्षभर तिकडे राहून मग काय ते ठरवा.