मदत हवी आहे : डांगी गाईंसाठी कृत्रिम रेतन की वळू?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाणे जिल्ह्यातले, शहापूर तालुका. गोठ्यात डांगी गाई आहेत. दूध घरापुरतंच, खरी गरज भातखाचरात धो धो पावसात चालणाऱ्या बैलांची. डांगीची कातडी तेलकट, पाऊस सोसते, म्हणून संकर मला नकोच.

अडचण गाभण राहण्याची. आमच्या गाई माजावर आल्या (फळायला तयार झाल्या) तरी हंबरत नाहीत. सकाळी शेण काढताना शेपटीखाली काचेसारखा सोट (चिकट स्राव) लोंबताना दिसतो, पण माज रात्री कधी सुरू झाला ते कसं कळणार? माज दिसल्यापासून साधारण १२ तासांनी रेतन करायचं, पण पावसाळ्यात डॉक्टर पाड्यावर पोचेपर्यंत वेळ टळते आणि २१ दिवसांनी गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. वळू सोबत चरला तर माज तोच ओळखतो. पण गावचा वळू वर्षानुवर्षं तोच, म्हणजे स्वतःच्याच कालवडींवर जाणार. शिवाय एकीचा आजार दुसरीला.

शुद्ध डांगीच्या रेतमात्रा (वीर्याचे डोस) आपल्या जिल्ह्यात नियमित मिळतात का? म्हसा गावच्या (मुरबाड तालुका) गुरांच्या जत्रेतून वळू आणायचा तर कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? आणि आधी रेतन, उलटली तर वळू, असं कोणी करतंय का? अनुभव सांगा, प्लीज.