हार्डीची 'स्किमिटी-राइड' : धिंड, वरात की सोंग?

प्रश्न : इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. भारावून गेलो. पण त्यातले इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्याकडचे गावठी शब्द टिपा बघून कळले तरी मनात रुजले नाहीत. 'फर्मिटी', 'स्किमिटी-राइड', 'हॅग-रिड' यांना मराठीत काय म्हणाल?

उत्तर : हार्डी माझा अतिशय आवडता लेखक, म्हणून सविस्तर लिहितो. हे शब्द शहरी मराठीत शोधू नका, हाती लागणार नाहीत. गावाकडच्या मराठीत मात्र त्यांची सख्खी भावंडं आहेत. आणि शब्द निवडताना तो गोष्टीत काय काम करतो ते आधी बघावं.

फर्मिटी घ्या. अख्खे गहू दुधात शिजवायचे, त्यात पीठ, मनुका, बेदाणे घालायचे. ही आपली गव्हाची खीरच. 'लापशी' म्हटलं तर पदार्थ साधारण कळतो, पण प्रसंग हातचा जातो. वेडन-प्रायर्सच्या जत्रेत कादंबरीचा नायक हेंचर्ड याची बायको सुझन त्याला दारूच्या तंबूकडे जाऊ देत नाही, मुद्दाम फर्मिटीच्या तंबूत नेते. तिथे काय, पोटभरीचं गोडधोड! आणि नेमकी तिथलीच म्हातारी टेबलाखालून रम ओतून देते. वाडग्यामागून वाडगे रिचवून हेंचर्ड पाच गिनींना बायको विकून टाकतो. 'खीर' म्हटल्यावर आपल्याला नैवेद्य आठवतो, सणाचं ताट आठवतं. त्या खिरीत रम पडते हे वाचताना मराठी माणसाला जो धक्का बसेल तोच इथे हवा आहे. सुझन त्या शब्दाच्या भरवशावरच तंबूत शिरली होती ना!

आता स्किमिटी-राइड. गावाच्या नजरेतून उतरलेल्या जोडप्याची गावाने चव्हाट्यावर काढलेली अब्रू. पहिला शब्द सुचतो तो 'धिंड', आणि गाढवसुद्धा दोन्हीकडे तेच. पण एक मोठा फरक आहे. धिंड जिवंत माणसाची निघते. इथे गाढवावर हेंचर्ड आणि त्याची पूर्वीची प्रेयसी लुसेटा यांचे पुतळे बसवले आहेत, पाठीला पाठ लावून, कोपरं एकमेकांना बांधून. मागे सुरे, चिमटे, डफ, शिंगं असा कानठळ्या बसवणारा गोंगाट. लुसेटा घरातून बघते. बाहुलीचे कपडे, केस, छत्री सगळं आपलंच आहे हे ओळखते आणि फेफरं येऊन कोसळते. त्यातच ती जाते. माणूस घरात आणि त्याची अब्रू रस्त्यावर, हे 'धिंड' शब्दात पुरतं येत नाही.

पुतळा सुटला तर पुढचं प्रकरणही कोसळतं. पुढे हेंचर्ड जीव द्यायला नदीवरच्या दारांपाशी जातो, तर पाण्यात त्याला स्वतःचंच प्रेत तरंगताना दिसतं. तो असतो स्किमिटीतला पुतळा, लोकांनी भिऊन नदीत फेकलेला. त्या दर्शनाने हादरून तो मागे फिरतो आणि वाचतो. एकाच मिरवणुकीतल्या दोन बाहुल्यांपैकी एक जीव घेते, दुसरी जीव वाचवते. असा प्रसंग मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. म्हणून माझी पसंती 'सोंगांची धिंड' अशा जोडशब्दाला. 'सोंग' म्हटलं की शिमग्याचा धिंगाणाही आपोआप येतो. 'गाढवावरून वरात' ऐकायला झकास आहे, पण त्यात हसू जास्त आणि जीवघेणेपणा कमी.

ही मिरवणूक ठरते ती मिक्सन लेनमधल्या खानावळवजा गुत्त्यात. 'मिक्सन' म्हणजे शेणाचा ढीग. सरळ 'उकिरडा गल्ली' म्हणावं.

'हॅग-रिड' विसाव्या प्रकरणात येतो आणि हे प्रकरण शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचावं. सुझनची मुलगी एलिझाबेथ-जेन हेंचर्डला सहज म्हणते, 'बाइड व्हेअर यू बी', म्हणजे 'जरा हितंच थांबा'. तो तिच्यावर खवळतो, डुकरांना आंबोण घालणारीची भाषा म्हणून तिचा पाणउतारा करतो. तो स्वतः कोण? गवताचे भारे बांधत महापौर झालेला! बिचारी तेव्हापासून एकेक शब्द बदलते. भुंग्यांना 'डम्बलडोर' म्हणायची, ते सोडते. आणि रात्री झोप लागली नाही तर सकाळी नोकरांना 'हॅग-रिड झाले होते' असं न सांगता 'अपचन झालं' असं सांगते. हॅग-रिड म्हणजे रात्री हडळ छातीवर बसून दडपते ते. आपल्याकडे 'रात्रभर पछाडल्यागत झालं' म्हणणारी आजी आणि 'पित्त झालं होतं' म्हणणारी सून, यांच्यात जेवढं अंतर तेवढंच इथे आहे. शाळेत 'व्हता'चं 'होता' करताना ज्यांनी मार खाल्ला त्यांना हे पान समजावून सांगावं लागणार नाही.

प्रतिसाद : पटलं, पण अशाने कॅस्टरब्रिजची माणसं सांगली-साताऱ्याची वाटायला लागतील. ते चालेल?

उत्तर : नाही चालणार, शंका रास्त आहे. कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्सेटमधलं डॉर्चेस्टर, ते तिथेच राहिलं पाहिजे. म्हणून वस्तूंची आणि चालीरीतींची नावं गावाकडची घ्यावीत, प्रत्येक वाक्याला मात्र हेल चढवू नये. हार्डीनेही तेच केलं. बोली उच्चारासकट जशीच्या तशी उतरवली तर वाचकाचं लक्ष माणसावरून उडून विचित्रपणावर जातं, अशा आशयाचं पत्र त्याने १८७८ सालीच छापून आणलं होतं. त्याच वर्षीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'मध्ये मेंढ्यांवर खुणा करायचा लाल रंग विकणारा 'रेडलमन' आहे. रंग म्हणजे गेरू, माणूस म्हणजे गेरूवाला. तो डोक्यापासून पायापर्यंत लाल आणि आया त्याच्या नावाने पोरांना भिववतात, म्हणजे त्या मुलखाचा बागुलबुवाच. एवढं केलं की पुरे, त्याला मराठी पागोटं घालायची गरज नाही.

कथांमध्ये आधी 'द विदर्ड आर्म' वाचा, १८८८च्या 'वेसेक्स टेल्स'मधली. हात वाळत चाललेली तरुण बायको ट्रेंडल नावाच्या 'कंजुरर'कडे जाते. तो पेल्यातल्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडतो आणि कुणी वाईट केलं त्याचा चेहरा तिला त्यात बघायला सांगतो. इथे 'जादूगार' लिहिलं तर रंगमंचावरचा टोपीवाला उभा राहील. 'मांत्रिक' जरा भारदस्त होतो. मी 'देवऋषी' म्हणेन, कोकणातले वाचक 'भगत' म्हणतील. ट्रेंडल खरं तर किरकोळ मालाचा व्यापारी, लोकांसमोर या विद्येवर आपला विश्वास नाही असंच दाखवणारा. गावचा देवऋषीही शेतीभाती सांभाळूनच हे करतो, म्हणून तो शब्द चपखल बसतो.

'डम्बलडोर'वर मात्र मी अडलोय. हॅरी पॉटरमुळे आता ते एका म्हाताऱ्या जादूगाराचं नाव झालंय, आणि 'भुंगा' तर प्रमाण मराठीतलाच. विदर्भात, खानदेशात, गोव्यात गुणगुणणाऱ्या या किड्याला घरात वेगळं काही म्हणत असतील तर इथे जरूर लिहा.