पेशी वाढवायचं इंजेक्शन म्हणजे तणाले युरिया?

पऱ्हाटी: मोठेबाबांना एएमएल आहे, रक्ताचा कॅन्सर. किमोनंतर पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या, तर नागपूरच्या डॉक्टरांनी फिल्ग्रास्टिम लिहून दिलं. थर्मासात बर्फ घालून मी एसटीनं पांढरकवड्याला आणतो, सिस्टर टोचतात. पण हे जी-सीएसएफ म्हणजे वाढीचा घटक, अन् ते धरणारे रिसेप्टर कॅन्सरच्या पेशीवरही असतात. आपण तणालेच युरिया टाकून राहिलो ना? मी म्हणतो, बंद करा.

सिस्टर: आधी ते बर्फाला टेकवू नका हो. २ ते ८ डिग्री पाहिजे, गोठायला नको.

लॅबवाला: भीती अगदीच खोटी नाही. एएमएलच्या पेशी लॅबच्या डिशमध्ये नुसत्या ठेवल्या की बऱ्याच आपोआप मरतात. जीएम-सीएसएफ किंवा आयएल-३ असे वाढीचे घटक टाकले की तगतात. पण डिश म्हणजे माणूस नव्हे. किमोनंतर इंजेक्शन दिलेले अन् न दिलेले रुग्ण ताडून पाहिलेत, आजार उलटण्याचं प्रमाण एकंदरीत वाढलेलं दिसलं नाही.

पऱ्हाटी: आयुष्य वाढलं का पण?

लॅबवाला: नाही वाढत. पेशी काही दिवस लवकर वर येतात, इतकंच. पण पेशी कमी असतात त्याच दिवसांत रात्री ताप चढला तर गाडी शोधणार कोण, तुम्हीच ना?

वखर: युरियाचंच बोलायचं तर पेरणीआधी आपण काय करतो? पहिल्या पावसानं तण उगवू देतो, मग वखर फिरवतो. फ्लॅग नावाच्या किमोत जी-सीएसएफ मुद्दाम आधीपासून देतात, झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या की सायटाराबिन हे किमोचं औषध त्यांना मारतं.

पऱ्हाटी: बरं, मग खतच तोडा ना!

लॅबवाला: तेही झालं. मायलोमा या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी आयएल-६ या वाढीच्या घटकावर जगतात, म्हणून ते अडवणारं सिल्टुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. सीएमएल या आणखी एका रक्ताच्या कॅन्सरच्या पेशीला तर बाहेरचं खत फारसं लागतच नाही, बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रथिन आतूनच वाढीचा हुकूम देत राहतं. तिथं २००१ साली आलेलं इमॅटिनिब हे औषध चाललं, कारण त्यानं तो हुकूमच बंद पाडला.

पऱ्हाटी: तरी मले पटलं नाही. वखर मारल्यावर तण उरलंच असलं तर?

सिस्टर: मग बोनमॅरोचा रिपोर्ट काढा, ब्लास्ट म्हणजे कच्च्या कॅन्सरच्या पेशी किती उरल्या ते बघा अन् डॉक्टरांनाच विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका. कंबर-मांड्या ठणकतात का त्यांच्या? ते या इंजेक्शननं होतं.

पऱ्हाटी: हो, रात्रभर कण्हतात. फाइल ताईकडं आहे, सकाळी आणतो.