रायफलवर स्कोप बसवायचा आहे: रिंग आणि बेस कसे निवडावेत?

रानवाट:

रायफल रेमिंग्टन ७००, शॉर्ट अ‍ॅक्शन, .३०८, नळी जाड. स्कोप ३-१५×५० (३ ते १५ पट मोठे दाखवणारा), ट्यूब ३० मिमी. वापर शिकारीसाठी, अंतर फार तर ३०० मीटर. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो धातूचा भाग) चार भोके आहेत, त्यांवर स्क्रूने बसणारा बेस अजून घेतलेला नाही.

तीन गोष्टी ठरत नाहीत. अखंड रेल घ्यावी की पुढे-मागे दोन सुटे बेस? बेसवर बसून स्कोपची ट्यूब धरणारी रिंग लो घ्यावी की मीडियम? एका कंपनीची 'लो' दुसरीच्या 'मीडियम'एवढी निघते, मग भरवसा कशावर ठेवायचा? आणि २० एमओए (कोन मोजायचे बारीक एकक) उताराची, म्हणजे पुढे किंचित झुकलेली रेल घ्या असे बरेच जण सुचवतात, ती ३०० मीटरसाठी लागते का? जाणकारांनी सांगावे.

ओळंबा:

लो, मीडियम, हाय या शब्दांवर ऑर्डर देऊच नका. मिलिमीटरमधला आकडा बघा, आणि तो कुठून कुठपर्यंत मोजलाय तेही बघा. काही कंपन्या रेलच्या माथ्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतात, काही रिंगच्या आतल्या तळापर्यंतच. ३० मिमी ट्यूबला या दोन मापांत सरळ १५ मिमीचा फरक पडतो, एक इंची ट्यूबला १२.७ मिमीचा. सगळा गोंधळ इथेच होतो.

हिशोब असा. '५०' हे पुढच्या भिंगाचे माप. त्याभोवतीचे कवच बहुधा ५६-५७ मिमी भरते, ते व्हर्नियरने मोजून घ्या. ५७ धरले तर त्रिज्या २८.५. नळी आणि कवच यांच्यात मोकळी जागा ३ मिमी. आता रेलवर एक सरळ पट्टी ठेवा, ती पुढे स्कोपचे तोंड जिथे येणार तिथपर्यंत जाऊ द्या, आणि पट्टीखाली नळी किती खोल आहे ते मोजा. समजा १० मिमी आले. मग २८.५ + ३ − १० = २१.५. म्हणजे रेलच्या माथ्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत किमान २१.५ मिमी हवेत. २२-२३ मिमीची रिंग चालेल. उघडझाप होणारे झाकण लावणार असाल तर त्याची जाडी त्रिज्येत मिळवा. बरेचदा केवळ त्या झाकणापायी एक पायरी उंच रिंग घ्यावी लागते.

पुढचे जमले म्हणजे झाले असे नाही. बोल्ट पूर्ण वर उचलून मागे ओढा आणि त्याची मूठ आयपीसला (स्कोपचे डोळ्याकडचे टोक) घासते का बघा. ७०० चा बोल्ट ९० अंश उचलावा लागतो, त्यामुळे जाड आयपीस असलेल्या स्कोपला अडचण मागेच येते. आयपीस रेलच्या मागच्या टोकावर टेकत नाही ना, हेही तपासा.

एवढे सांभाळून स्कोप जितका खाली बसेल तितका बरा. गाल दस्त्यावर नीट टेकला पाहिजे. हनुवटी टेकवून नेम धरावा लागला की डोके दरवेळी वेगळ्या जागी जाते.

उताराच्या रेलबद्दल: तुम्हाला गरज नाही. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिमी. १०० मीटरला शून्य जुळवलेल्या (नेम आणि गोळी एकाच जागी आणलेल्या) .३०८ ला ३०० मीटरवर सुमारे ५ एमओए चढ द्यावा लागतो. स्कोपची वरखाली जुळवण्याची एकूण फिरत ६० एमओए असेल तर वरच्या बाजूला ३० शिल्लक असतातच. उतार उपयोगी पडतो तो लांब पल्ल्याला.

खाच_दहा:

रेल की सुटे बेस, यावर. ७०० च्या रिसीव्हरचा मागचा भाग (पूल) पुढच्या भागापेक्षा खाली असतो, म्हणून सुट्या बेसचे दोन तुकडे वेगवेगळ्या जाडीचे येतात. त्यांची अदलाबदल झाली तर स्कोप तिरका बसतो. दोन तुकड्यांचा फायदा म्हणजे वरचे तोंड मोकळे राहते: काडतूस बोटाने भरता येते, काडतुसाचे अडकलेले रिकामे खोके काढता येते, वजनही कमी. रेलचा फायदा म्हणजे रिंग मागेपुढे सरकवायला भरपूर खाचा मिळतात. सुट्या बेसवर ट्यूबची सरळ जागा कमी पडली तर आयपीस डोळ्यापासून हव्या त्या ८०-१०० मिमीवर आणताच येत नाही. तुमच्या स्कोपला मी रेलच घेईन.

रेल पिकाटिनी नमुन्याचीच घ्या. तिची खाच ५.२३ मिमी रुंद, आणि दोन खाचांच्या मध्यांतले अंतर १०.०१ मिमी, ठरलेले. वीव्हर या दुसऱ्या नमुन्याची खाच ४.५७ मिमी आणि खाचांतले अंतर ठरलेले नाही. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बहुधा बसते, पण पिकाटिनीची रिंग वीव्हरवर बसत नाही, तिचा आडवा दांडा खाचेत उतरत नाही.

रिंग आवळण्याआधी ती नळीच्या दिशेने पुढे ढकलून खाचेच्या पुढच्या भिंतीला भिडवा, मगच पिळा. झटक्याने रायफल मागे येते, स्कोप मात्र जागच्या जागी राहू पाहतो. दांडा भिंतीला आधीच टेकलेला नसेल तर पहिल्या काही गोळ्यांत रिंग तेवढी सरकते आणि शून्य हलतो.

रानवाट:

दोघांचेही आभार. रेल आणली. पुढचे दोन स्क्रू आवळले तर मागच्या टोकाखाली फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) ०.१५ मिमीचे पान सहज जाते. मागचे स्क्रू आवळले की फट नाहीशी होते. मग असेच ठेवले तर चालेल का?

ओळंबा:

नाही चालणार. फट गेलेली नाही, रेल वाकलीय. त्या वाकलेल्या रेलवर दोन्ही रिंग एका रेषेत राहत नाहीत, आणि तो पीळ स्कोपच्या ट्यूबवर येतो. ट्यूबवर रिंगच्या कडेचे वळ उठतात, आतली यंत्रणा अडखळते. मग स्कोपची नेम जुळवायची चकती चार क्लिक फिरवूनही गोळी जागची हलत नाही, आणि पुढच्या गोळीला एकदम उडी मारते. दोष स्कोपला दिला जातो.

उपाय इपॉक्सीचा. रेलचा तळ आणि रिसीव्हर दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. रिसीव्हरवर न चिकटू देणारे मेण चोळा, स्क्रूंच्या आट्यांनाही लावा, भोके मेणाने बुजवा. रेलच्या मागच्या भागाच्या तळाला स्टीलची पूड असलेली इपॉक्सी पातळ पसरा. पुढचे दोन स्क्रू पूर्ण आवळा. मागचे दोन फक्त भोक सरळ राहावे म्हणून बोटाने अडकवा, पिळू नका. बाहेर आलेला मसाला लगेच पुसा. २४ तासांनी सोडवून पाहा: मागच्या बाजूला पूर्ण ठसा उठलेला हवा.

पाना_पक्कड:

स्क्रूंचे राहिले. सगळे काम बोल्ट काढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून.

७०० ला कारखान्यातून ६-४८ आट्यांचे स्क्रू येतात, जाडी ३.५ मिमी. पुढच्या स्क्रूंपैकी एखादा जराही लांब असेल तर तो आत बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणारे पुढचे दात) घासू शकतो. म्हणून प्रत्येक स्क्रू लावल्यावर बोल्ट घालून चालवा. जड वाटला तर स्क्रू कानशीने अर्धा आटा कमी करा, जोर लावू नका. आणि स्क्रू आत टेकून थांबला असेल तर रेल आवळली गेलेलीच नसते, हातात पाना मात्र घट्ट लागतो. हा दोष सहज सुटतो नजरेतून.

रेलचे स्क्रू सुमारे २० इंच-पाउंड (२.३ न्यूटन-मीटर), त्यांना निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव). रिंगच्या टोप्यांचे (वरच्या अर्ध्या भागांचे) स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड (१.७ ते २ न्यूटन-मीटर), कोरडे, लॉकटाइट नको. ओल्या आट्यात घर्षण कमी होते, त्याच आकड्याला दाब जास्त पडतो आणि ट्यूब चेपते. रेलला धरणाऱ्या आडव्या बोल्टला मात्र कंपनीचाच आकडा घ्या: काही हलक्या रिंगांना २० च्या आत, मोठा नट असलेल्या स्टीलच्या रिंगांना ६५ इंच-पाउंडपर्यंत.

टोप्या आवळताना कर्ण धरून, पाव-पाव फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एका बाजूने आधी आवळले की स्कोप त्याच बाजूला गोल फिरतो आणि क्रॉसहेअर तिरपा होतो. रायफल लेव्हलवर पक्की ठेवून दूर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी उभी रेघ जुळवा. रिंग झूमच्या फुगीर भागावर किंवा टरेटच्या (नेम जुळवायच्या चकत्यांचा उंचवटा) चढावर येऊ देऊ नका. पॅरॅलॅक्सची (अंतरानुसार चित्र जुळवायची) चकती रिंग आवळल्यानंतर जड फिरू लागली तर रिंग जास्त पिळल्यात, सोडून पुन्हा करा.

रिंग घासून सरळ करणे (लॅपिंग) चांगल्या जोडीला लागत नाही. रेल इपॉक्सीवर नीट बसली की तो प्रश्न बहुतेक मिटतो. आत प्लास्टिकचे गोलाकार अस्तर असलेल्या रिंगा तर कधीच घासू नका.

शेवटी नेलपॉलिशने ट्यूब आणि रिंग यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओढा. वीस गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर ट्यूब सरकते आहे. तेव्हा जास्त पिळण्याआधी टोप्या काढून आत तेल राहिलेय का ते बघा.